माळीण निवडून येईल का?

फार पूर्वी, डोंगरांच्या अलीकडे एक राजा आणि पलीकडे दुसरा राजा असायचा तेव्हा, मधल्या खोऱ्यात एक राजा नसलेलं राज्य होतं. राजा का नव्हता, तर दोन्ही राजांना वाटायचं की ते खोरं दुसऱ्याचं आहे. खोऱ्यातल्या लोकांनी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. दर काही वर्षांनी ते आपल्यातूनच एकाला निवडत आणि त्याला अध्यक्ष म्हणत.

निवडायची रीत सोपी होती. जितके उमेदवार तितके रांजण चावडीसमोर मांडायचे आणि भोवती कनात लावायची. रांजणांच्या तोंडाला फडकं, फडक्याला भोक. प्रत्येकाने एकेकट्याने आत जाऊन आपला चिंचोका हव्या त्या रांजणात सोडायचा. पडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रांजणाच्या तळाशी राख पसरलेली असे. उमेदवारांनी स्वतः चिंचोका टाकायचा नाही. संध्याकाळी सगळ्यांसमोर रांजण फोडायचे, ज्याच्या रांजणातून जास्त चिंचोके सांडतील तो अध्यक्ष.

या राज्यात एक कासारीण राहायची आणि तिच्या भिंतीला भिंत लागून एक माळीण राहायची.

कासारीण घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरायची. काम चोख होतं तिचं. हात असा हलकेच दाबायची की घट्टातली घट्ट बांगडीही मनगटावर कधी उतरली ते कळायचं नाही. पण आपल्याला काही येतं, यावर तिचा स्वतःचा फारसा विश्वास नव्हता. दारं नीट लावली की नाही म्हणून ती दोनदा उठायची. लेकीला शिंक आली की तिला रात्रभर झोप नसायची. आणि आपण जे बोलतो ते कोणी मनावर घेत असेल, असं तर तिला कधी वाटलंच नव्हतं.

माळणीचं सगळं उलटं. तिचं पोर पाळण्यात ठेवलं की झोपायचं. ते कारलं खायचं, मागून खायचं. तिच्या लोणच्याला बुरशी यायची नाही. ती भल्या पहाटे उठायची आणि तरीही दुपारी तिच्या डोळ्यांखाली काळं नसायचं. कासारणीने तिला किती वर्षांपूर्वी भरलेल्या हिरव्या बांगड्यांपैकी अजून एकही वाढली नव्हती, आणि ही बाई दिवसभर मातीत खुरपं चालवायची. बरं, गर्व म्हणावा तर तोही नाही. तिचा राग यायला काही कारणच सापडायचं नाही, आणि कासारणीला त्याचाच राग यायचा.

एवढं असतं तरी चाललं असतं. शेजारणींचं असं चालतंच. पण मागच्या श्रावणात एक गोष्ट घडली.

पाठशाळा ओढ्यापलीकडे होती. ओढ्यावर साकव नव्हता, दगडांवर पाय देत जायचं. त्या दिवशी कासारीण लेकीला सोडायला निघाली होती आणि तशीच पुढे फेरीवर जायची म्हणून तिच्या दोन्ही हातांत बांगड्यांच्या माळा होत्या. मधल्या दगडावरून लेकीचा पाय सटकला. कासारणीच्या तोंडून आवाज निघाला नाही. माळा टाकाव्यात हे तिला कळत होतं, पण हात उघडेनात. घडलं ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत घडलं. मागून येणाऱ्या माळणीने डोक्यावरची पाटी भिरकावली, पाण्यात उडी घेतली आणि पोरीला झग्याला धरून बाहेर ओढलं.

काठावर लेक रडत होती, माळीण हसत तिचे केस पिळत होती आणि ओढ्यातून झेंडूची फुलं वाहत चालली होती. कासारणीच्या माळांतली एकही बांगडी फुटली नव्हती.

त्यानंतर लेक ज्याला त्याला सांगायची, "मला मावशीने काढलं." लोक कासारणीला म्हणायचे, "नशीबवान हो तुम्ही, शेजारीण अशी मिळाली." कासारीण हो म्हणायची. उपकार केलेल्या माणसाचा हेवा कोणापाशी बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो आतल्या आत मुरतो.

त्याच वर्षी निवडणूक आली.

आधीपासूनचे अध्यक्ष होते गढीवाले दाजी. ते कोणाला आवडत नव्हते आणि कोणाला नावडतही नव्हते. घरातल्या जुन्या कपाटासारखे होते, हलवायला कोण जाणार. राज्याच्या वेशीवर एक उंच कमान बांधायची, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरा उमेदवार होता तालमीतला पहिलवान. तो म्हणायचा, मी आलो की पाठशाळा बंद, सगळ्या पोरांनी पहाटे उठून जोर काढायचे. त्याची मात्र सगळ्यांना धास्ती होती.

आणि यंदा लोकांनी आग्रह करून माळणीला उभं केलं. ती आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, "बरं. मला फार काही येत नाही. पण पावसाळ्याच्या आत ओढ्यावर साकव बांधून देईन."

साकवाची गरज सगळ्यांनाच होती, पण कासारणीइतकी कोणालाच नव्हती. पाणी जरा चढलं की ती लेकीला पाठुंगळीला मारून ओढा ओलांडायची आणि रात्री तिला पाण्याची स्वप्नं पडायची. साकव झाला असता तर तिला झोप लागली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी ती सुताराच्या घरी बांगड्या भरायला बसली. सुतारीण हात पुढे करून म्हणाली, "आमचं ठरलंय हो कासारीणबाई. चिंचोका तुमच्या शेजारणीलाच."

"हात सैल सोडा."

"सोडलाय की. सोन्यासारखी बाई आहे. तुमच्या लेकीला तिनेच काढलं ना बाहेर? तुम्ही कुठे होता तेव्हा?"

बांगडी सुतारणीच्या अंगठ्याच्या हाडाशी अडली. कासारणीने नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबली.

"मलाही तीच आवडते," ती म्हणाली. "पण निवडून येईलसं काही वाटत नाही."

सुतारणीचा हात ताठ झाला. "अगंबाई. ते का?"

का, ते कासारणीलाही माहीत नव्हतं. तिने दुसरी बांगडी उचलली आणि उचलता उचलता कारण तयार झालं. "लोक कौतुक करतात हो. कौतुकाला काय पैसे पडतात? कनातीत शिरलं की हात आपसूक गढीच्या रांजणाकडे जातो. सवयच आहे ती. आणि काही चिंचोके माळणीकडे गेले, काही गढीकडे, तर मधल्या मधे पहिलवान यायचा. मग पोरं बसतील जोर काढत."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. किती शहाणपणाचं वाटत होतं ते. आणि त्यात एकही वाईट शब्द नव्हता. उलट 'मला तीच आवडते' असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

"अरेरे," सुतारीण म्हणाली. "वाटलं होतं हो यंदा काहीतरी होईल." आणि तिने दुसरा हात पुढे केला.

चार दिवसांनी कासारीण तेल्याच्या घरी गेली, तर तेलीण तिलाच सांगायला लागली. "माझ्या मनात माळीण होती. पण नाही येत म्हणे निवडून."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. सुतारणीला तर कोणीतरी आतल्या माणसाने सांगितलंय. घरोघरचं ज्याला कळतं अशा."

कासारणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरोघरचं कळणारं माणूस खोऱ्यात एकच होतं. मनात ती म्हणाली, छे, माझ्यावरून कशाला कोण ठरवेल. दुसरंही कोणी बोललं असेल.

मग ती कुंभारणीकडे गेली. कुंभारीण म्हणाली, "मी दिला असता हो तिला. पण मी एकटीने देऊन काय होणार?" शिंप्याची म्हातारी म्हणाली, "पोरगी गुणाची आहे. पण वाया कशाला घालवा?" पलीकडच्या आळीतली वाणीणकाकू तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आमच्याकडे पाचही जणांना तीच हवी होती. आता पाचही जण गढीला देणार. पहिलवान नको बाई."

कासारीण हात दाबत होती, बांगड्या चढवत होती आणि ऐकत होती. प्रत्येक घरात तेच. मला हवी आहे, पण बाकीच्यांना नको असणार. हे 'बाकीचे' कुठेच राहत नव्हते. सगळं खोरं ती पायाखाली घालत होती आणि तिला एकही बाकीचा भेटला नाही.

खोऱ्यात हे फक्त तिलाच कळत होतं. बाकी बायका आपापल्या उंबऱ्याच्या आत बसून अंदाज बांधत होत्या. तिने एका घरात जरी म्हटलं असतं, "अहो, तुम्ही सगळ्याच असं म्हणताय," तरी वारं फिरलं असतं. वाक्य छोटं होतं. एकदा तर ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण नेमकी त्याच वेळी वाणीणकाकू म्हणाली, "तुमच्या लेकीला पाहिलं काल. माळणीच्या कडेवर काय शोभून दिसत होती." कासारणीने ते वाक्य गिळलं आणि माळा गुंडाळल्या.

त्या रात्री जेवताना कासार म्हणाला, "माळीणवहिनींना द्यावं असं मनात होतं. पण कौतुकाला काय पैसे पडतात. कनातीत शिरलं की लोकांचा हात गढीकडेच जातो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पारावर बोलत होते सगळे. खरं आहे त्यांचं."

कासारणीने त्याच्या ताटात भात वाढला आणि वरणाची वाटी जरा आपटूनच ठेवली. तिचीच वाक्यं तिच्याच घरात पारावरून फिरून जेवायला आली होती.

निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी माळीण तिच्याकडे आली. ओसरीवर टेकली, तोच लेक धावत येऊन तिच्या मांडीवर चढून बसली. कासारणीने तिला अर्धा तास खाली ये म्हणून हाका मारल्या होत्या, तेव्हा ती माळ्यावरून उतरली नव्हती.

"एक विचारू?" माळीण म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार की."

"मी येईन का गं निवडून? लोक समोर भेटले की गळ्यात पडतात. पण दोन-तीन दिवस बघतेय, माझ्याकडे असे बघतात जसं घरी कोणी आजारी आहे. आमचे हे पण नीट बोलत नाहीत. तू घरोघर जातेस. बायका तुझ्याजवळ बोलतात. तुला जेवढं कळतं तेवढं कोणालाच कळत नसेल."

माळणीने असं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. तिच्या आवाजात काहीतरी हललं होतं, आणि खरं सांगायचं तर कासारणीला ते ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

"येणार नसेन तर नाव मागे घेते," माळीण म्हणाली. "उगाच माझ्यापायी पहिलवान यायला नको. पण मला हवे तेवढे लोक माझ्या बाजूने असतील ना, तर मी उद्या सकाळी दारोदार जाऊन सांगेन की घाबरू नका, आपण पुष्कळ आहोत. तू फक्त सांग, आहेत का?"

आहेत, पुष्कळ आहेत, सगळेच आहेत. एवढंच म्हणायचं होतं. कासारणीने तोंड उघडलंही.

तेवढ्यात लेक माळणीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मावशी अध्यक्ष झाली ना, की मी तिच्याकडेच राहायला जाणार."

"आणि आईला कोण बघणार?" माळणीने हसत विचारलं.

"आईला बांगड्या आहेत."

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण कासारणीला तो ओढा आठवला, आपले न उघडणारे दोन हात आठवले. तिचं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा आतून वेगळंच वाक्य आलं.

"मी काय सांगणार बाई. लोकांच्या मनातलं कोणाला कळतं?" मग जरा थांबून ती म्हणाली, "नाव मात्र मागे घेऊ नकोस. वाईट दिसेल ते."

माळीण लेकीला खाली उतरवून, पदर झटकून निघून गेली.

आता कोणी म्हणेल, कासारणीला माळीण हरायला हवी होती. तसं नव्हतं. साकव तर तिला हवाच होता. माळीण निवडून यावी, पण अगदी थोडक्यात यावी, शेवटचा रांजण फुटेपर्यंत तिच्या छातीत धडधड व्हावी, एक रात्र तरी तिला झोप लागू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि जिंकलीच तर ती आपल्या शब्दामुळे जिंकू नये. हेव्याचं मागणं किती बारीक असतं बघा.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर रांग लागली. कासारणीचा नंबर आला, ती कनातीत शिरली. आत कोणीच नव्हतं. ना सुतारीण, ना लेक, ना कोणाचं कौतुक. तिघांचे तीन रांजण आणि तिच्या मुठीत घामाने ओला झालेला चिंचोका. एकटी असताना तिला फक्त ओढ्याचं पाणी दिसलं. तिने चिंचोका माळणीच्या रांजणात सोडला. राखेत पडला, आवाज झाला नाही.

बाहेर येताना तिला हलकं वाटलं. झालं, ती मनात म्हणाली. मी दिला तसे सगळेच देतील. कनातीत कोण कोणाला घाबरतं? माझं बोलणं एवढं कोण मनावर घेतंय?

संध्याकाळी रांजण फोडले. आधी पहिलवानाचा. त्यातून त्याच्या तालमीतल्या पठ्ठ्यांचे तेवढे चिंचोके निघाले. लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्याची एवढी धास्ती घेतली, त्याला मुळी कोणी विचारतच नव्हतं.

मग माळणीचा रांजण फोडला. राखेचा लोट उठला आणि खाली बसला. मोजणाऱ्या म्हाताऱ्याने राख हाताने पसरली, पुन्हा पसरली. मग त्यातून त्याने एक चिंचोका उचलला, धोतराला पुसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"एक," तो म्हणाला.

गढीचा रांजण फोडला तेव्हा चिंचोके चावडीच्या पायऱ्यांपर्यंत घरंगळत गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गढीवाले दाजी उठून उभे राहिले आणि गोंधळून म्हणाले, "मला वाटलं होतं यंदा घरी बसायचं. तुम्हाला खरंच मीच हवा होतो का?" त्यांच्या बायकोने काशीयात्रेचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिने कपाळाला हात लावला.

लोक एकेक करून माळणीला भेटायला लागले. सगळ्यात आधी सुतारीण गेली. "तो एक माझा होता हो," ती म्हणाली. तेलीण म्हणाली, "माझाच तो, देवाशपथ." शिंप्याच्या म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि कानात तेच सांगितलं. वाणीणकाकूच्या घरच्या पाचही जणांनी सांगितलं, आणि ते एकमेकांकडे न बघता सांगितलं. माळणीचा नवराही खाली मान घालून म्हणाला, "मी तुलाच दिला." कासार परत आला तेव्हा बायकोला हळूच म्हणाला, "मी पण म्हटलं माझाच म्हणून. तेवढंच बरं वाटेल तिला."

कासारीण सगळ्यांच्या मागे उभी होती. तो चिंचोका कोणाचा, हे अख्ख्या खोऱ्यात तिला एकटीला माहीत होतं. आपल्या बोलण्याला किती वजन आहे, हेही तिला आज पहिल्यांदाच कळलं होतं. त्या वजनाखाली तिला नीट उभंही राहता येत नव्हतं. तिची पाळी आली. तो माझा, असं तिने म्हटलं असतं तर ते खरं होतं. पण इतक्या जणांच्या तोंडून येऊन ते वाक्य आता इतकं मळलं होतं की तिच्या तोंडीही ते खोटंच वाटलं असतं.

"वाईट झालं," ती म्हणाली.

"तू एकटीच 'तो माझा' असं म्हणाली नाहीस," माळीण म्हणाली. ती हसत होती, पण डोळे पुसत. "जेवढ्यांनी सांगितलं तेवढे खरंच पडले असते ना, तर साकव झाला असता. बाकीचे घाबरले, त्यांचं मी समजू शकते. तो खरंच ज्याचा आहे ना, त्याचा मला जरा राग येतो."

"त्याचा का?"

"तो घाबरला नव्हता. मग बाहेर बोलला का नाही? एक जण जरी मोठ्याने म्हणाला असता की मी देतोय, तर दुसरा म्हणाला असता. कनातीत चांगुलपणा करून काय उपयोग? तिथे तर राख असते."

कासारीण घरी आली. त्या रात्री माळणीच्या घरातला दिवा लवकर विझला. कासारणीचाच जळत राहिला.

गढीवाल्या दाजींनी दिल्या शब्दाप्रमाणे वेशीवर कमान बांधली. चांगली उंच झाली. पावसाळा आला, ओढा फुगला, मधले दगड दिसेनासे झाले. पोरांना पलीकडे नेता येईना. तेव्हा पंतोजींनी एक युक्ती काढली. ते पलीकडच्या काठावर उभे राहून पाढे ओरडत आणि पोरं अलीकडच्या काठावरून त्यांच्या मागून म्हणत. पण पाण्याचा आवाज मोठा. अर्धं ऐकू यायचं, अर्धं वाहून जायचं. त्या वर्षीच्या पोरांना सात एके सात येतं, सात दाहे सत्तर येतं आणि मधलं काही येत नाही.

एका सकाळी बायका पोरांची बोटं धरून काठावर उभ्या होत्या. माळीण जरा लांब, गुडघाभर पाण्यात उतरून, वाहून आलेल्या फांद्या बाजूला ओढत होती. कासारणीने लेकीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की लेक कुरकुरत होती.

शेजारी सुतारीण उसासा टाकून म्हणाली, "आज साकव असता. पण काय करणार? निवडून येणारच नव्हती ती."

"आली असती," कासारीण म्हणाली.

सुतारणीने वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

"आली असती. घराघरात तीच हवी होती सगळ्यांना. मी ऐकलंय. प्रत्येक घरात ऐकलंय."

पाढा थांबला नव्हता, पण काठावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तेलीण पुढे आली. कुंभारीण पुढे आली. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बहुधा पहिल्यांदाच खरंखुरं पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" सुतारीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा माझा हात तुमच्या हातात होता, कासारीणबाई. मग येणार नाही असं का म्हणालात?"

पलीकडून पंतोजी काहीतरी ओरडले. पोरांनी ऐकू आलं तेवढं म्हटलं. कासारणीकडे उत्तर होतं, पण ते चार बायकांत सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरही ती घरोघर जात राहिली. बायका बांगड्या भरून घेत. हात पुढे करत, सैल सोडा म्हटलं की सैल सोडत. पण बोलत काही नसत. पूर्वी एका घरातून निघायला तिला अर्धी दुपार लागायची, आता काम झालं की ती लगेच मोकळी व्हायची, आणि दिवस फार लवकर संपायचा.

तात्पर्य: 'मला तर आवडतो, पण तो येणार नाही' असं जो तो म्हणत बसला, की सगळ्यांना हवा असलेला माणूस हरतो आणि कोणालाच नको असलेला जिंकतो. म्हणून आपलं मत द्यावं, आणि ते चांगलं असेल तर वेळेवर बोलूनही दाखवावं. हेव्यापायी गिळलेला एक खरा शब्द शंभर खोट्यांइतकंच नुकसान करतो.